गुडघ्यावरचा फोन

१

सिडकोतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात वस्तूंना मरायची परवानगी नव्हती. पंख्याची कॉइल तीनदा भरलेली, मिक्सरचं भांडं एकाचं नि बूड दुसऱ्याचं, आणि दारावरच्या बेलला खेळण्यातल्या ट्रकचा भोंगा. नवा पाहुणा बेल दाबायचा, मागून ट्रक आला म्हणून टुणकन बाजूला उडी मारायचा, आणि आत चिमाजी पोट धरून हसायचा. पाहुण्याला चहा मिळायचा तो त्यानंतर.

चिमाजीने अंबडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटरकी केली. शाळा सातवीत सुटली, पण मशीन आपल्याशी बोलतं असं तो म्हणायचा. मशीनला विचारायची सोय नाही, तेव्हा खरं धरू. त्याची बायको कलाबाई मखमलाबादच्या मळ्यातली. लहानपणापासून मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात उकिडवं बसून बसून एकसष्टाव्या वर्षी तिचा डावा गुडघा संपावर गेला. डॉक्टर म्हणाले, बदलावा लागेल. चिमाजी म्हणाला, आधी ग्रीस मारून बघा. डॉक्टर हसले नाहीत. कलाबाई दवाखान्याच्या दारापर्यंत हसत आली आणि पायऱ्या उतरताना रडली.

त्याच आठवड्यात फोनही अडला. आठ वर्षांचा फोन. देवळ्याला दिलेली मुलगी मनीषा व्हिडिओ कॉल करायची तेव्हा तिचा चेहरा तोंड उघडून तसाच राहायचा, आणि आवाज दुसऱ्याच वाक्यावर पोचलेला असायचा. चिमाजी तो घेऊन पवननगरच्या कोपऱ्यावर सायलीकडे गेला. सायली म्हणजे टपरीएवढ्या दुकानात बसून अख्ख्या सिडकोचे फोन उघडणारी पोरगी. जिभेला तिच्या स्क्रू-ड्रायव्हरपेक्षा जास्त धार.

"काका, याला आता निरोप द्या," ती म्हणाली.

"तिकडे डॉक्टर गुडघा बदल म्हणतो, इकडे तू फोन बदल म्हण. उद्या कुणी बायको बदल म्हणेल."

"काकू बदलतील आधी."

शेवटी तिनेच उपाय सांगितला. फोनच्या आत जी चिप असते तिला कंपनीने वेगाची एक हद्द घालून दिलेली असते. ती हद्द उठवता येते. त्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. चिमाजीला हे सांगायची गरजच नव्हती. कारखान्यात लेथच्या पाटीवर जो वेग लिहिलेला असायचा त्याच्या सव्वापट त्याने रोज काढला होता. कंपनी प्रत्येक मशीनचा थोडा जीव राखून ठेवते, हे त्याचं जुनं मत. तो राखलेला जीव वापरायचा, एवढंच.

सायलीने फोन दीड तास लॅपटॉपला जोडून ठेवला. मग पडद्यावर एक पट्टी दाखवली. पट्टीला घरं. सहाव्या घरापर्यंत न्यायची, पुढे नाही. पुढे फोन तापेल, तापला की बॅटरी फुगेल. आणि खाली आणायची तर एकेक घर उतरवायची, खाडकन नाही.

"आणि गरम लागला तर बंद करून ठेवा," ती म्हणाली. "उशाखाली घेऊन झोपू नका."

चिमाजीने मान डोलावली. ती त्याची ऐकल्याची खूण नव्हती, निघाल्याची होती.

२

फोन असा पळाला की म्हाताऱ्या घोड्याला कुणी मिरची लावावी. मनीषा आता नीट हलायची, नीट बोलायची. आणि फोन तापायचाही. पौषातली नाशिकची थंडी. सकाळी नळाचं पाणी हाताला चावायचं, आणि फोन मात्र तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा.

ती ऊब पहिल्यांदा कलाबाईच्या लक्षात आली. तिने फोन फडक्यात गुंडाळला आणि गुडघ्यावर ठेवला. पाच मिनिटांत तिच्या कपाळावरची आठी गेली. रबराच्या पिशवीतलं पाणी निवतं, हा निवत नव्हता. चिमाजीला अगदी कृतकृत्य वाटलं. त्याने गल्लीत चार जणांना सांगितलं की आमच्याकडे एका खर्चात दोन म्हातारे चालू झालेत.

त्यांचा चहा दुपारी चारचा. कलाबाई पलंगावर पाय लांब करून, गुडघ्यावर फोन, हातात बशी. चिमाजी समोरच्या लोखंडी खुर्चीत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो कुणाची तरी नक्कल करून दाखवत होता आणि कलाबाई हसली नाही. बशी ओठांपासून चार बोटांवर थांबलेली. डोळे उघडे. बशीतल्या चहावर लाटसुद्धा नाही.

त्याने दहा अंक मोजले असतील.

"काय गं, हँग झालीस?"

बशी ओठाला लागली. कलाबाईने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि बशी खाली ठेवली.

"मी कशाची? तुम्हीच बसलात मारुतीसारखे. मघाधरनं किती हाका मारल्या. चहा गार झाला माझा."

कोण थांबलं होतं यावर दोघांची चांगली पाच मिनिटं जुंपली. चिमाजी जिंकला, म्हणजे कलाबाईने बोलणं सोडलं. मग त्याने तिची बशी उचलली. एकाच भांड्यातला, एकाच वेळी ओतलेला चहा. त्याच्या कपातून अजून वाफ निघत होती. तिच्या बशीत जाड साय धरली होती आणि बशी दगडासारखी थंडगार होती.

थंडीचे दिवस, त्याने मनाशी म्हटलं. बशी पसरट असते.

३

गुडघा सुधारला. कलाबाई मोरीपर्यंत भिंत न धरता जाऊ लागली. येत्या अधिकमासात लाख वाती लावायच्या असा नवस ती बोलली होती. कापसाच्या फुलवाती, बसल्याबसल्या वळायच्या, शंभर झाल्या की डब्यात टाकायच्या. दिवसाला आठ-नऊशे झाल्या तरी वैशाखापर्यंत जेमतेम होतील असा तिचा हिशेब.

बशीसारखं थांबणं आता रोज होऊ लागलं. कधी वीस अंक, कधी शंभर. फोन गुडघ्यावर असतानाच व्हायचं, पण चिमाजीने तशी जोडी लावली नाही. दिवसभर फोन गुडघ्यावरच असायचा. मग काहीही झालं तरी ते फोन असतानाच होणार की. या वयात माणसाची तंद्री लागते. त्याची स्वतःची चौतीस वर्षं सुपरवायझरसमोर लागत आली होती.

पण घरात दुसऱ्या काही गोष्टी होत होत्या. सिलिंडर नऊ दिवसांत संपला. चिमाजीने गॅसवाल्याला फोनवर असं काही सुनावलं की तो बिचारा स्वतः वजनकाटा घेऊन आला. अंगाचा साबण चार दिवसांत चकतीएवढा. आणि स्वयंपाकघरात आवाज. दुपारी कलाबाई पलंगावर तंद्रीत असताना आतून एक बारीक, सलग कीर्र यायचं, रातकिड्यासारखं, आणि त्याच्या खाली टपटपटप काहीतरी पळायचं. चिमाजीने ठरवलं, उंदीर. त्याने सापळा आणला, कांद्याचं भजं अडकवलं, ओट्याखाली ठेवला आणि खुर्चीत येऊन बसला.

खट आवाज आला. तो आत गेला. सापळा मिटलेला होता आणि रिकामा होता. भजं ओट्यावर एका ताटलीत ठेवलं होतं आणि त्यावर वाटी पालथी घातली होती. मुंग्या लागू नयेत म्हणून घालतात तशी.

त्याने वाटीला हात लावला नाही. ती वाटी उचलली तर कुणाला तरी दोष द्यावा लागेल, असं काहीसं त्याला वाटलं. बाहेर कलाबाई पलंगावर. हातात अर्धी वळलेली वात.

त्या दिवशी त्याने वातींचे डबे उघडले. चार दिवसांपूर्वी दीड डबा होता. आता नऊ डबे. लोणच्याची बरणी, पिठाचा डबा, जुनं दुधाचं कॅन, सगळं पांढऱ्याशुभ्र वातींनी गच्च. तो बाहेर आला तेव्हा ती जागी होती.

"कधी केल्यास एवढ्या?"

"तुम्ही बसलेले असता तेव्हा," कलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, एखाद्या लांबच्या प्रवासाचा थकवा होता. "हाका मारून मारून कंटाळा येतो. मग वळते."

४

मनीषाचा फोन रविवारी आला. चित्र जरा अडकलं तेव्हा चिमाजीने पट्टी सहाव्यावरून आठव्या घरात नेली, मग वाटलं आलोच आहोत तर, म्हणून अकराव्यात. पुढे घरच नव्हतं. फोन हाताला चटका देऊ लागला. कलाबाईने हात पुढे केला म्हणून त्याने तो मागून फडक्यात गुंडाळून तिच्या गुडघ्यावर उभा टेकवला आणि स्वतः पलंगाच्या कडेला तिच्या शेजारी बसला. दोघांची तोंडं फोनकडे. फोन टेकताच कलाबाईची तंद्री लागली होती. तो तिच्या वतीनेही बोलत होता.

मनीषाने कांद्याचं सांगितलं, मुलांचं सांगितलं. मग ती थांबली आणि पडद्याच्या जवळ आली.

"बाबा, आईचा गुडघा एकदम बरा झाला का हो?"

"का गं?"

"नाही, मागे किती भराभर फिरतेय. मघाशी मोरीत, आता दारात. जरा बसवा तिला, मला बोलायचंय."

चिमाजीच्या दंडाला कलाबाईचा दंड लागलेला होता. ऊबदार, आणि अजिबात न हलणारा. त्याने मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघराचं दार, पडदा, मोरीतली बादली. पडदा हलत होता. वारा असेल म्हणावं तर खिडकी बंद.

"आणि तुमच्या शेजारी कोण बसलंय?" मनीषा म्हणाली. "तिथं अंधारच दिसतोय नुसता."

चिमाजी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या प्रश्नावर विनोद करू शकला नाही. त्याने रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

५

फोनची पाठ फुगली होती. झाकण एका बाजूने उचलून आतली चंदेरी पिशवी दिसत होती. सायलीने तो हातातही घेतला नाही, काउंटरवर ठेवायला लावला.

"अकराव्यात नेलीत? काका, मी काय सांगितलं होतं?"

चिमाजीला तिला दुसरंच काही विचारायचं होतं. ते वाक्य त्याने रस्ताभर जुळवलं होतं, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते इतकं खुळचट वाटलं की त्याने ते गिळलं. सायलीने बजावलं: पट्टी एकेक घर खाली आणा, मग बंद करा, मग घराबाहेर वाळूत ठेवा, उद्या मी येऊन बॅटरी काढते. त्याने हो म्हटलं. घरी येऊन त्याने फोनला सायकलच्या ट्यूबची रबरं आवळली, कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली.

तीन दिवस घर शांत होतं. सिलिंडर जेवढा जळायचा तेवढाच जळला. आतून आवाज आला नाही. कलाबाईची तंद्री लागली नाही. चिमाजीने गल्लीत पुन्हा तोंड उघडलं आणि दोघांना चिडवून आला.

चौथ्या दिवशी गुडघा उलटला. नुसता दुखला नाही, जणू गेल्या पंधरवड्याचं सगळं दुखणं तिथे साचून होतं आणि ते एकदम आलं. गोळीने काही झालं नाही. गरम पाण्याची पिशवी तिने फेकून दिली. कलाबाई ओरडणारी बाई नव्हती. ती पलंगाची कड धरून नाकाने श्वास घेत होती आणि दर श्वासाला डोळ्यांतून पाणी गळत होतं. दोन तास.

"द्या ना तो," ती म्हणाली.

"तो बिघडलाय. फुटेल एखाद वेळी."

"फुटू द्या. तिथं दुखत नाही मला."

"तिथं म्हणजे कुठं, कला?"

तिने हात तेवढा पुढे केला. बायकोच्या पसरलेल्या हाताकडे बघत कपाटाची किल्ली खिशात ठेवणारा नवरा या जगात असेलही. चिमाजी तो नव्हता. अर्धा तास, त्याने ठरवलं. तिला जरा आराम पडला की काढून घेऊ. त्याने फोन काढला, चार्जरला लावला, फडक्यात गुंडाळला. पट्टी खाली आणायचं त्याला सुचलंही होतं. पण कमी ऊब लागली तर ती पुन्हा कण्हेल, म्हणून त्याने ती तशीच राहू दिली.

दुपारचे दोन वाजले होते. कलाबाईने डोळे मिटले, सुस्कारा टाकला, आणि सुस्कारा अर्ध्यात थांबला.

६

कारखान्यात नव्या पोरांना चिमाजी पहिल्या दिवशी एकच नियम शिकवायचा. जॉब म्हणजे मशीनवर कापायला लावलेला तुकडा, तो फिरत असताना मशीन मध्येच बंद करायचं नाही. हत्यार जॉबमध्ये रुततं, मग जॉबही जातो आणि हत्यारही. देवराम नावाच्या एका हुशाराने बंद केलं होतं. त्याला उरलेली नोकरी साडेआठ बोटांवर काढावी लागली. काम पुरं होऊ द्यायचं, मग हात घालायचा.

आजवर कलाबाई आपली आपण परत आली होती. मध्येच फोन ओढला आणि ती अर्धी तिकडेच राहिली तर? चिमाजी लोखंडी खुर्चीत बसला आणि तिच्या परत येण्याची वाट बघू लागला.

आतून कीर्र सुरू झालं. त्याने दात आवळले. उंदीर, तो मोठ्याने म्हणाला. स्वतःलाच ते पटलं नाही.

सव्वादोनला त्याला आपल्या खांद्यांवर ऊब जाणवली. हात लावला तर शाल. तपकिरी, काठाची, ट्रंकेच्या तळाशी असते ती. आपणच घेतली असेल मघाशी, थंडी आहे. त्याने आठवून पाहिलं. ट्रंक पलंगाखाली होती. तो पलंगाकडे बघतच बसला होता.

अडीचला खोबरेल तेलाचा वास आला. त्याचे केस चप्प बसलेले होते, भांग पाडलेला. बोटाला तेल लागलं. शर्टाचं दुसरं बटण गेलं वर्षभर नव्हतं. आता होतं, पांढऱ्याला पांढऱ्या दोऱ्याने घट्ट शिवलेलं. थोड्या वेळाने पाहिलं तर दोरा पिवळा पडला होता आणि कॉलर विरली होती, धुऊन धुऊन विरते तशी.

उठावं असं त्याला वाटलं. आणि त्याच वेळी असंही वाटलं की आपण उठलो तर या खोलीत कुणाला तरी भयंकर धक्का बसेल. तो उठला नाही. कुणीतरी आपल्याला सांभाळून ठेवलं होतं.

समोरच्या भिंतीवर, देवाच्या फळीवरून, एक काळा पट्टा छताकडे चढत होता. आधी बोटाएवढा. त्याने डोळे मिटून उघडले की रुंद झालेला असायचा. दिव्याची काजळी. खोलीत विझल्या वातींचा वास कोंदला होता.

सव्वातीनला त्याच्या कपाळाला ओढ बसली, वाळल्या मातीची बसते तशी. त्याने नख लावलं. कुंकवाचा खपला निघाला. थरावर थर, पुस्तकाच्या पानांसारखा.

बायको नवऱ्याला असं कुंकू लावत नाही. दगडाला लावतात.

७

त्याने नियम मोडला. वाकून तिच्या गुडघ्यावरचं फडकं सोडवलं आणि फोन हातात घेतला. तळहात भाजला, तरी धरून ठेवला. रबरं ताणून तुटायला आली होती. पट्टी शोधताना अंगठा भलतीकडे पडला आणि कॅमेरा उघडला, पुढचा, ज्यात आपलंच तोंड दिसतं.

त्याचं तोंड दिसलं. लाल कपाळ, तेलकट भांग.

आणि त्याच्या डाव्या हाताला, स्टुलावर, कुणीतरी होतं. आधी नुसतं एक धुरकट पांढरं हलणं. एक हात एकाच वेळी वाटीत, त्याच्या ओठांशी, आणि पदराने त्याची हनुवटी पुसत. मग ते हलणं थांबलं. पिंजलेल्या कापसासारखे केस. मान वाकलेली, कपाळावरची आठी ओळखीची. त्या म्हातारीची नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघत होती. जो हात मघापर्यंत मांडीवर होता, आणि आता वर आला होता, त्या हाताकडे.

तिच्या हातातली वाटी पडली. ती स्टुलावरून उठली आणि पाठीमागे सरत सरत, नजर न काढता, भिंतीला टेकली.

चिमाजीने शेजारी पाहिलं. स्टूल रिकामं होतं. जमिनीवर वाटी गोल गोल फिरत होती, आणि आसपास दूधभाताची शितं.

त्याने पट्टी शोधली. अकरावरून दहा. आतलं कीर्र जरा जाड झालं. नऊ, आठ. त्यातून वेगवेगळे ठिपके सुटले आणि तो आवाज बांगड्यांचा झाला. बांगड्या थरथरत होत्या. सहा. पाच. आता एक कुजबूजही होती. चार वर आल्यावर ती कळू लागली. कुणीतरी आकडे म्हणत होतं. वाती मोजताना म्हणतात तसे, पण आकडा लाखाच्या कितीतरी पुढचा. त्यात एकही हाक नव्हती. तीन. दोन.

शेवटच्या घराला कुजबूज आकड्याच्या मधोमध तुटली, आणि पलंगावर कलाबाईचा दीड तास अडलेला सुस्कारा पुरा झाला.

त्याने फोन बंद करून दाराबाहेर वाळूच्या घमेल्यात टाकला आणि परत येऊन खुर्चीत कोसळला.

८

ती तशीच होती. कलप लावलेले केस, हिरव्या बांगड्या, एकसष्ट वर्षांची. तिने डोळे उघडले आणि पहिल्यांदा स्वतःचा हात पाहिला. उलटासुलटा करून पाहिला, एवढ्या थोड्या सुरकुत्यांचा हात कुणाचा म्हणून. मग उठायला गेली, गुडघ्यातून कळ आली, आणि तिला त्या कळेचं नवल वाटलं.

"कला," चिमाजी म्हणाला आणि खुर्चीतून उठला.

तिने डोक्यावर पदर ओढला. पलंगाच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून ती आक्रसली, आणि दोन्ही हात जोडले. चाळीस वर्षांत तिने नवऱ्याला हात जोडले नव्हते. बोट दाखवलं होतं.

"हलू नका," ती म्हणाली. शब्द एकेक करून, दूरवरून आणल्यासारखे. "पाया पडते तुमच्या. बसा तसेच. तसेच असता तुम्ही."

तो बसला.

तिचा श्वास हळूहळू खाली आला.

मनीषा दुसऱ्या दिवशी देवळ्याहून आली. कलाबाईने तिला पाहुण्यासारखं बसवलं, जेवू घातलं, आणि गाव कुठलं म्हणून विचारलं. डॉक्टरांनी तिच्या या विसरण्याला एक नाव दिलं, गोळ्या दिल्या, या वयात होतं म्हणाले. सायलीने वाळूतला फोन नेला. नेताना काका गप्प का म्हणून तिने दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारायचं टाळलं.

आता चिमाजी सकाळी आंघोळ करून, ती उठायच्या आत, खुर्चीत बसतो. हात मांडीवर, नजर समोर. ती येते. शाल घालते, भांग पाडते, कुंकू लावते. वाटीतला भात भरवते तेव्हा तो चावत नाही. तोंडात धरतो आणि ती आत गेली की गिळतो. अशा वेळी ती त्याच्याशी बोलते. शांत, खूप दिवसांच्या ओळखीचं. हाका मारायचे दिवस गेले, ते बरं झालं, असं एकदा म्हणाली. दिवसभरात तेवढा अर्धा तास ती कुणाला घाबरत नाही.

एके दिवशी भरवताना त्याच्या डोळ्यातून पाणी ओघळलं. कलाबाईचा हात जागीच थांबला. तिने वाटी खाली ठेवली, पदर सावरला आणि एक पाऊल मागे झाली.

"असं आधी कधी होत नव्हतं," ती स्वतःशी म्हणाली.

चिमाजीने मग तेही थांबवायला शिकून घेतलं.